हाडाला लाव, कानाला नाही

मूठ लाकडाची, आणि तिच्या बुडाला एक खळगा – नखाएवढा, गुळगुळीत, तेलाने काळा पडलेला. कानामागच्या हाडाला टेकून टेकून पडलेला खळगा. विलासने सवयीने त्यावरून अंगठा फिरवला. हातभर लांब डिसमिस. भोसरीच्या गॅरेजात स्क्रू ड्रायव्हरला डिसमिसच म्हणायचे, आणि बाबूमिस्त्री सांगायचा, टोक इंजिनावर, मूठ हाडावर, कानाला नाही रे, हाडाला लाव... आणि ती तशी लावायच्या आधी विलासने दुसरा हात सहज, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा बॉनेटवर ठेवला, आणि थांबला.

बॉनेट कोमट होतं.

जुलैची सकाळ, म्हणजे इथला ऐन हिवाळा, रिव्हरस्टोनच्या गवतावर अजून पांढरं दहिवर, बोललं की तोंडातून वाफ, शेजारच्याच्या गाडीची काच गोठलेली – आणि ह्या एवढ्या थोरल्या अमेरिकन यूटचं, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचं, बॉनेट कोमट. म्हणजे सकाळी उठून गाडी गरम करून ठेवली गड्याने. कशाला ठेवतो माणूस गाडी गरम करून? गार इंजिन खरं बोलतं म्हणून. रात्रभरात तेल खाली बसलेलं असतं, चावी मारल्यावर पहिलं मिनिटभर जे काय झिजलंय ते सगळं आपापलं दुखणं सांगतं, मग तेल वर चढलं की सगळे गोड. ते पहिलं मिनिट क्रेगने खाऊन टाकलं होतं.

"जस्ट निप्ड आउट फॉर मिल्क, मेट," क्रेग म्हणाला. गाडी त्याची. दाढीवाला, उघड्या पायांचा, हसरा. हसऱ्या विकणाऱ्यावर विलासचा विश्वास कधीच नव्हता.

"दूध आणायला व्ही-एट?" विलास मराठीत हृषिकेशला म्हणाला. "अख्खा टँकर आणायचा होता का?"

हृषिकेश हसला, पण अर्धंच. गाडी घेणारा हृषिकेश. पुण्याचा, आयटीतला, राहायला जवळच स्कोफिल्ड्सला, आणि गेलं वर्षभर त्याच्या डोक्यात एकच – कॅरॅव्हॅन, तिला ओढायला आठ सिलिंडरांची अमेरिकन व्ही-एट, आणि बायकोला घेऊन पार पर्थपर्यंत. इथल्या मराठी मंडळींत जुनी गाडी घ्यायची तर एक रीत पडून गेलेली – विलासदादांनी कान लावल्याशिवाय हो म्हणायचं नाही. कागदपत्रं, इन्स्पेक्शनचा रिपोर्ट, सगळं असलं तरी. ब्लॅकटाउनपासून पार मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीपर्यंतची माणसं फोन करतात. मेलबर्नवाला एकजण तर इंजिनचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवतो. दहावी दोनदा बसून पास झालेल्या माणसाला पीएचडीवाले विचारतात, दादा, घेऊ का... ते ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

"गार होऊ दे," विलास म्हणाला. "तीनला येऊ. तोपर्यंत हात लावायचा नाही म्हणावं."

क्रेग 'नो वरीज' म्हणाला. विलासने खिशातला खडू काढला, पुढच्या टायरवर एक रेघ मारली, तीच रेघ खाली सिमेंटवर ओढली. गाडी वीतभर जरी हलली तरी रेघा जुळणार नाहीत. क्रेग बघत राहिला आणि पुन्हा हसला. हसू दे.

मग स्कोफिल्ड्सला हृषिकेशच्या किचनमध्ये. कौमुदीने – हृषिकेशच्या बायकोने – उपमा पुढे ठेवला. ती काहीतरी बोलली, चिमणीचा पंखा चालू होता... विलास म्हणाला, "चालेल." ती त्याच्याकडे जरा बघत राहिली. म्हणाली, "मी विचारलं, पद्मावहिनी कशा आहेत."

"मजेत," तो म्हणाला. "त्याही चालतील."

हसले सगळे. पण चिमण्यासुद्धा हल्ली कसले आवाज करतात... आणि पद्मा. पद्मा हल्ली समोर येऊन उभी राहते आणि मग बोलते. पाठीमागून नाही, दुसऱ्या खोलीतून नाही, अगदी तोंडासमोर. सिगरेटचा वास बघत असणार. सोडून सहा वर्षं झाली तरी बाईचा संशय जात नाही.

"दादा, मग नवीन का नको?" हृषिकेशने विचारलं. त्याने यूट्यूबवर सगळं पाहिलेलं. "नवीनमध्ये ट्विन टर्बो सिक्स येतं. पॉवर जास्त आहे व्ही-एटपेक्षा."

"येतं ना. सहा माणसांकडून आठ जणांचं काम करून घ्यायचं आणि ती दमू नयेत म्हणून दोन पंखे लावून द्यायचे. कॅरॅव्हॅन मागे लावून ब्लू माउंटन्स चढ, मग कळेल."

"आणि हायब्रिड?"

"दोन ड्रायव्हर, एक स्टेअरिंग. ते आपसात काय ठरवतात ते तुला कळत नाही, मला कळत नाही, कंपनीलाही लॅपटॉप लावल्यावर कळतं." विलासला जोर चढला. "गिअर दहा. दहा गिअर कशाला लागतात? डोंगर आला की गिअरबॉक्स विचारात पडतो, हा घेऊ का तो घेऊ. आणि सगळ्यात वाईट काय सांगू – आवाज. आता इंजिनचा आवाज स्पीकरमधून सोडतात आत. इंजिन एक बोलतंय, स्पीकर दुसरंच. मुक्या झाल्यात गाड्या, हृषी. पूर्वी गाडी बोलायची. बाबूमिस्त्रीच्या गॅरेजात गेटातून आत येणारी गाडी मी पाठमोरा सांगायचो, हिचा तिसरा सिलिंडर गेलाय. आता कशालाच कान लावला तरी... गुळगुळीत. काहीतरी लपवतात साले."

"पण ही जुनी आहे ना, दादा. व्ही-एट. तुम्हीच म्हणता, टॉर्क असावा तर अमेरिकन."

"म्हणतो. अजून म्हणतो." आणि ते मनापासून होतं. छातीत ढोल वाजावा तसं ते इंजिन सुरू होतं, पायाला हिसका देतं, आणि ओढायला लागलं की डोंगर ओढेल. "पण तिच्यात एक खोड आहे. पेट्रोल वाचवायला मध्येच आठातले चार सिलिंडर झोपवतात. झोपव-उठव, झोपव-उठव... त्यात लिफ्टर जातात – व्हॉल्व्ह उचलणारे, बोटाएवढे तुकडे. एक अडकला की टकटक करतो, आणि ती ऐकली नाही तर एक दिवस सगळं इंजिन घेऊन जातो. यतीनचं झालं तसं."

यतीन... नाव तोंडातून गेलं आणि विलासने उपम्यातला काजू उगाच बाजूला सारला. तीन वर्षांपूर्वी यतीनच्या अमेरिकन एसयूव्हीला विलासनेच कान लावला होता. बिनधास्त घे म्हणाला होता, गार इंजिन, आवाज लोण्यासारखा. आठ महिन्यांनी गोलबर्नच्या अलीकडे, मोटरवेवर, आत दोन पोरं आणि म्हातारी आई, बाजूने ट्रक धडधडत चाललेले – आणि इंजिन बंद पडलं. कोणी विलासला बोल लावला नाही. यतीन स्वतःच म्हणाला, तुम्ही तरी काय करणार दादा, हल्लीची इंजिनंच तशी. आणि मीही तेच म्हणालो. सगळीकडे तेच सांगत फिरलो...

"मावणार आहे का पण ती आपल्या गॅरेजात?" कौमुदी ओट्याशी उभी होती. "अर्धी बाहेर राहणार. शटर तिच्या पोटावर पडणार."

"मेजर केलंय मी," हृषिकेश म्हणाला.

"मेजर केलंय. मग मी माझं वॉशिंग मशीन पर्थला ठेवते."

विलासच्या लक्षात आलं – हिला गाडी नकोय.

तीन वाजता रेघा जुळलेल्या होत्या. टायरवरची आणि सिमेंटवरची, एक केसही इकडेतिकडे नाही. बॉनेट गार. विलासने हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. क्रेग हातात चहाचा मग घेऊन दारात उभा. म्हणजे खरंच दूध आणलं होतं का सकाळी? विलासला उगाच वाईट वाटलं – माणूस खरा निघाला तर खोट शोधायची कुठे मग...

"मार चावी."

गाडी उठली. तो ढोल, छातीतला, पोटऱ्यांतला... बॉनेटखाली वाकून विलासने टोक डाव्या बाजूच्या कव्हरवर टेकवलं, खळगा उजव्या कानामागे लावला आणि डोळे मिटले. सगळे गप्प. हे गप्प राहणंसुद्धा रीतीतलंच. खालून येणारा धडधडाट हाडात भरत गेला, जाड, गोल, उबदार... आणि त्याच्या वर काही नाही. दुसऱ्या बाजूला टोक. काही नाही. लोणी. हसून तो सरळ व्हायला लागला, तोंडात शब्दही तयार होते, बिनधास्त घे –

"ते टकटक कसलं येतंय?"

कौमुदी. गाडीपासून चांगली चार पावलं लांब, हात कोटाच्या खिशात.

विलासने तिच्याकडे पाहिलं. नकोय ना गाडी हिला. वॉशिंग मशीनची जागा जातेय. मनात आलं म्हणून आवाज काढला असेल... पण चेहरा तसा नव्हता. ती मान तिरकी करून ऐकत होती, शेजारच्या घरातलं मूल रडतंय का बघावं तशी.

"इंजेक्टर असतील, हो ना दादा?" हृषिकेश घाईघाईने म्हणाला. "ह्या इंजिनला इंजेक्टरची टिकटिक नॉर्मल असते. मी वाचलंय."

म्हणजे ह्यालाही ऐकू येतोय.

आणि ते वाचलेलं बरोबर होतं. इंजेक्टरची टिकटिक शिवणयंत्रासारखी, बारीक, सरळ, निरोगी. लिफ्टरची वेगळी – जरा जड, जरा मागे रेंगाळणारी. दोन्हीतला फरक सांगायला तर मला बोलावतात. कान लावला की अर्ध्या मिनिटात सांगायचो... विलासने पुन्हा मूठ हाडाला दाबली, इतकी की दुखली. धडधडाट. जाड, गोल, उबदार. आणि मग त्याच्या मनात आलं की मूठ डाव्या कानामागे लावून बघावी. डावा कान कधी वापरला नव्हता त्याने. उजव्या हातात सतरा वर्षं रॅटलगन – नट सोडवायची ती हवेची बंदूक, तिचा कडकडाट उजव्या कानाशी – वर्कशॉपमध्ये नारिंगी बोळे देतात कानात घालायला, दोरीवाले, ते त्याने कायम गळ्यात माळेसारखे घातले. बोळा घातला तर इंजिन कसं ऐकू येणार? कान सांभाळायचा म्हणून बोळा घातला नाही... 

पण ह्या दोघांसमोर, क्रेगसमोर, कान बदलायचा?

"दादा?" हृषिकेशने विचारलं. "इंजेक्टर की लिफ्टर?"

पहिलं मिनिट कधीच संपलं होतं. कौमुदी म्हणाली, "आता नाही येत."

विलासने डिसमिस खाली घेतली, फडक्याने पुसली, गरजेपेक्षा जास्त पुसली. इंजेक्टर म्हटलं तर पर्थच्या वाटेवर, नलारबॉरच्या त्या मैदानात, जिथे शंभर शंभर किलोमीटर माणूस नाही, तिथे ही दोघं... आणि नको म्हटलं तर? नको म्हटलेल्या गाडीचं पुढे काय झालं हे कोणी कधी येऊन सांगत नाही.

"लिफ्टर," तो म्हणाला. "नको घेऊस."

हृषिकेशचा चेहरा पोरासारखा पडला. विलासची मान हलली ती क्रेगला कळली, त्याने खांदे उडवले, "फेअर इनफ, मेट," म्हणाला आणि मगमधला चहा गवतावर ओतला. त्याच्या चांगल्या गाडीला कदाचित मी डाग लावून आलो. कदाचित नाही. कौमुदी विलासच्या जवळून जाताना हळूच काहीतरी बोलली. थँक्स म्हणाली असेल. खरंच येत होता आवाज, असं म्हणाली असेल. सॉरीही म्हणाली असेल. त्याने मान डोलावली.

ब्लॅकटाउनला परत येताना त्याने रेडिओ लावला नाही. जुनी फाल्कन, नाव अमेरिकन कंपनीचं पण हाडाची इथलीच, वीस वर्षांची, तिचं सगळं दुखणं त्याला पाठ. बाबूमिस्त्री आठवत होता. शेवटच्या दोन वर्षांत फार ओरडायचा – गिऱ्हाइकावर, चहावाल्यावर, सगळ्यांवर, आणि लोक म्हणायचे म्हातारा तापट झाला. आणि एक दिवस भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना, ही डिसमिस त्याने विलासच्या हातात दिली. म्हणाला, आजपासून तू ऐक, मी बघतो. विलास चोवीस वर्षांचा. त्या दिवशी घरी पेढे नेले होते त्याने... केवढा मान दिला मिस्त्रीने, आजवर हीच गोष्ट पाच-पन्नास लोकांना सांगितली असेल. पेढे देताना मिस्त्री नुसता हसला होता. काय म्हणालास, असं दोनदा विचारलं होतं.

आणि मग ते सगळं – मुक्या झाल्यात गाड्या, गुळगुळीत झालीत इंजिनं, काहीतरी लपवतात... नक्की कधीपासून म्हणायला लागलो मी हे? यतीनच्या आधी की नंतर?

घराच्या ड्राइव्हवेत त्याने गाडी बंद केली. स्वयंपाकघरात दिवा होता, पद्मा खिडकीशी काहीतरी चिरत होती. चावी अर्धी फिरवून त्याने फक्त इंडिकेटर लावला, उजवीकडचा. डॅशबोर्डवर हिरवा बाण उघडझाप करायला लागला, आणि प्रत्येक उघडझापेबरोबर टिक... टिक... येत होतं. स्पष्ट. वीस वर्षांत होतं तसंच.

बाणाबरोबर येत होतं की बाण बघून येत होतं?

डोळे मिटले असते तर कळलं असतं. खिडकीत पद्माचे ओठ हलले, त्याच्याकडे बघून. विलासने हात वर केला, आलो म्हणून, आणि बाणाकडे बघत राहिला, डोळे उघडे ठेवून.