अयोकाला कोण हाक मारणार

शुक्रवारी सकाळी इबिरोंके अंगणात आईपुढे नमस्काराला गुडघे टेकून बसली होती आणि आईची हाक काही संपत नव्हती.

“अवेरो! डोंगराच्या पाठीवर घर बांधणाऱ्यांची लेक! बिबट्याला ‘बाजूला सरक’ म्हणणाऱ्यांची लेक! ज्यांच्या धनुष्याची दोरी पावसातही सैल पडत नाही…”

“आई, पुरे. गुडघे गेले माझे.”

“जाऊ देत. कॉलेजात खुर्चीवर बसून बसून माजलेत ते.” उरलेल्या पिढ्याही आईने सावकाश घेतल्या आणि मगच लेकीला उठू दिलं.

ती इबादान शहरातल्या कॉलेजात शिकवायची; सुट्टीला घरी आली की रोजची सकाळ अशीच उगवायची. बाहेर सगळे तिला इबिरोंके म्हणत. अवेरो हे नाव या हाकेपुरतं. हाकेतले शब्द वडिलांच्या घराण्याच्या स्तुतीचे. आई सून म्हणून आली तेव्हा सासूकडून ते शिकली आणि पुढे जन्मभर या घरातल्या प्रत्येकाला तिने त्याच शब्दांनी उठवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पाठवलं. रुसलेल्या नवऱ्यालासुद्धा ती त्यांनीच जेवायला उठवायची.

दोघी कलिंगडासारख्या एगुसीच्या बिया सोलायला बसल्या. धाकटी काकू फेहिंतोला आपलं सूप घेऊन त्यांच्यात येऊन टेकली.

“जाऊबाई, तुमच्या माहेरचे इलाचे लोक बोलायला लागले की दुपारच होते बाई.”

“बोलण्यासारखं आहे म्हणून बोलतो. मूळ पुरुषाला रान कापून वाट दाखवणारा कोयता आमच्या इलात आला. तुमच्या या गावाकडे राहिलं नुसतं म्यान.”

“मग म्यानात राहायला कशाला आलात?”

“कोयता दुसरीकडे कुठे राहतो गं?”

काकू इतकी हसली की सुपातल्या बिया सांडल्या. दोन्ही गावं एकाच इग्बोमिना जमातीची. पण कुणाचं थोरलं आणि कुणाचं धाकटं, हा वाद या दोघींनी केस पिकेपर्यंत जपला होता.

बिया गोळा करता करता आई म्हणाली, “माझा भाऊ होता तोवर ठीक होतं. वर्षातून एकदा यायचा, दारातूनच मला आमच्या घराची हाक मारायचा. आता मला कोण मारणार?”

“आम्ही आहोत की,” काकू म्हणाली.

“तुम्हाला येतं कुठे? मीच तुमचं म्हणत आले.” आईने बोटांवरची सालं झटकली. “मातीत जाताना कुणी माहेराचं म्हटलं नाही, तर तिकडे दारात मला ओळखायचं कुणी? माझा बाप विचारेल, ही कुणाकडची सून आलीय?”

“मी म्हणेन ना,” इबिरोंके म्हणाली.

“तुला येतं?”

तिला येत होतं. उखळात सुरण कुटताना मुसळाच्या ठेक्यावर आई स्वतःशीच स्वतःला ‘अयोका’ अशी माहेरची हाक मारायची. लहानपणी पाठीवर बांधलेल्या इबिरोंकेने ते शब्द आधी हाडांतून ऐकले होते. कॉलेजात अशा हाकांवर ती तासन्तास शिकवायची. पण आईच्या तोंडावर म्हणायचं, तेही काकूच्या देखत, म्हटल्यावर तिची जीभ लाजली.

“येतं थोडं,” ती म्हणाली.

“म्हण मग.”

“आत्ता? काहीतरीच तुझं.”

आईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती हसून म्हणाली, “बरं, ते सूप दे इकडे.”

दुसऱ्या दिवशी इबिरोंकेला आपोआप जाग आली. ऊन खिडकीतून पायांवर आलं होतं. कुणी अवेरो म्हटलं नव्हतं. आईच्या खोलीच्या दारापर्यंत जाण्याआधीच तिला कळून चुकलं.

आईला पुरायचं ठरलं ते घराच्याच आवारात, वडिलांच्या कबरीशेजारी. इलाहून आईच्या भाच्या, त्या भावाच्या मुली, आल्या. एकीने लागोसला नवं दुकान टाकलेलं, दुसरीच्या कडेवर मूल. घरच्या सगळ्या सुनांनी एकाच निळ्या कापडाचे कपडे शिवले होते. चर्चची गाणी झाली, प्रार्थना झाली, शवपेटी दोरांवरून खाली उतरली. मग सगळं शांत झालं, कारण आता माहेरच्यांनी हाक मारायची असते.

भाच्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

“बाबांनी आम्हाला कधी शिकवलंच नाही,” दुकानवाली हळूच म्हणाली आणि तिने खांद्यावरच्या कापडाने डोळे झाकले.

फावडी घेतलेली माणसं थांबून होती. वाट पाहायची तरी किती, अशा नजरेने एका म्हाताऱ्याने पाद्रीबाबांकडे पाहिलं. इबिरोंके पुढे झाली. खड्ड्याच्या कडेला तिने गुडघे टेकले आणि तोंड उघडलं.

“डोंगराच्या पाठीवर घर बांधणाऱ्यांची लेक…”

बायका चुळबुळल्या. या घरच्या सुनेला या घरची लेक म्हटलं होतं तिने. रोज सकाळी कानावर पडलेलं तेच जिभेवर आलं होतं. ती तिथेच अडली.

फेहिंतोला काकूने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. “ते तुझं गं, बाळ,” ती कानाशी म्हणाली. “तुझ्या आईने तुला दिलेलं. आता तिचं म्हण. कोयत्याचं म्हण.”

इबिरोंकेने डोळे मिटले. मुसळाचा ठेका आठवला. आधी हाताने मांडीवर एक थाप, मग दुसरी. मागे काकूनेही ठेका धरला. मग एकेक करून सगळ्या सुनांनी.

“अयोका!” ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. “अयोका! लाकडाला डोळे देणाऱ्यांची लेक! झाडाची परवानगी मागून घाव घालणाऱ्यांची लेक! ज्यांच्या लाकूड तासणाऱ्या वाकसाचा आवाज ऐकून कोंबडा आरवतो! राजाचं आसन कोरून स्वतः जमिनीवर बसणाऱ्यांची लेक! इलाची लेक, कोयत्यामागून चालत आलेल्यांची लेक!”

आईच्या मुसळाच्या ठेक्यावर ऐकलेले शब्द इथे संपत होते. इबिरोंके थांबली नाही.

“सगळ्या घराला हाक मारून उठवणारी अयोका! अवेरोला न्हाऊ घालून नटवणारी! आजोबा, दार उघडा. ही माझी आई आहे.”