लंकामायची नक्कल

पंचवटीतल्या आपल्या जुन्या शाळेत उज्वला पाहुणी म्हणून आली, तेव्हा फाटकापासूनच तिचं कौतुक सुरू झालं. साहजिकच होतं. विज्ञान सोपं करून सांगणारे तिचे व्हिडिओ घरोघरी बघितले जात, आणि ती याच शाळेची विद्यार्थिनी हे मुख्याध्यापक किशोर सर भेटेल त्याला सांगत होते. दहावीच्या मुलींनी पुढं सायन्स घ्यावं म्हणून तिला बोलावलं होतं. तिलाही ते मनापासून हवं होतं. फक्त तिला टाळ्यांचीही सवय लागली होती, आणि ती सवय वाईट.

कार्यक्रम ठरलेला. पाणी शिंपडून नारळातून जाळ काढायचा, मग शेंडीत लपवलेला सोडियमचा तुकडा दाखवून सांगायचं, की यात दैवी काही नाही. पण नुसत्या जाळानं रंगत येत नाही. म्हणून उज्वला आधी अंगात आलेल्या बाईची नक्कल करायची. केस मोकळे सोडायची, डोळे फिरवायची, घुमायची. पुण्यामुंबईच्या सभागृहांत लोक पोट धरधरून हसत. तिथं कुणाच्या आईच्या अंगात येत नसावं.

इथंही तिनं केस सोडले आणि घुमायला लागली. मुलं हसली, मग एकदम फारच हसली. मागच्या बाकावरून मयूर नावाचा मुलगा ओरडला, "लंकामाय आली!"

हशा थांबेना. उज्वलाला वाटलं, गल्लीतलं काहीतरी गमतीचं नाव असेल. असा आयता शब्द हाती लागला की सोडवत नाही, आणि ती तर हरभऱ्याच्या झाडावर चढलेलीच होती.

"हो, मीच लंकामाय!" ती घुमत म्हणाली. "विचारा लेकरांनो! गणितात पास व्हायचंय? आणा एक कोंबडी!"

पोरं बाकं बडवायला लागली. सगळ्यांच्या माना खिडकीजवळच्या एका मुलीकडं वळल्या होत्या, पण उज्वलाचे डोळे तेव्हा फिरवलेले होते. शिक्षकांपैकी कुणीच हसत नव्हतं, हेही तिनं बघितलं नाही.

जाळ निघाला, टाळ्या झाल्या. घाम पुसत ती खुर्चीवर बसली. शेजारचे किशोर सर तिच्याकडं न बघता हळूच म्हणाले, "लंकाबाई म्हणजे आमच्या साक्षीची आई. बाजारात भाजी विकतात. मंगळवारी त्यांच्या अंगात येतं."

"कोण साक्षी?"

"आता आभार मानेल ती."

उज्वलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून पळून जावंसं वाटलं, पण आभार संपेपर्यंत पाहुण्याला उठता येत नाही. खिडकीजवळची ती मुलगी उभी राहिली आणि रांगेतून पुढं आली. कुणीतरी घुमल्याचा आवाज काढला. साक्षीनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. मॅडमनी आपला अमूल्य वेळ दिला, वगैरे.

"मॅडम व्हिडिओत नेहमी सांगतात, की कुणाच्याही अज्ञानाला हसू नका..."

तिथं ती थांबली. "पुढचं विसरले," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

उज्वलाला तिथंच माईक मागून माफी मागता आली असती. तिनं मागितली नाही. सगळ्या शाळेपुढं आपण लहान होऊ, अशी तिला भीती वाटली. लाजेनं अर्धमेलं झालं तरी माणूस आधी स्वतःलाच सावरतं, दुसरं काय.

फाटकाशी तिच्या गाडीजवळ एक बाई थांबली होती. पदर खोचलेला, हातात मेथीच्या जुड्या. शेजारी साक्षी, मान खाली घालून.

"मॅडम, मी साक्षीची आई," बाई हसून म्हणाली. "भाजी विकता विकता तुमचंच बघते मी मोबाईलवर. हिचा बाप म्हणतो, आर्ट घे. मी म्हणलं, नाय! माझी पोर मॅडमसारखी होणार. तुम्हाला एकदा डोळ्यानं बघायचं लय मनात व्हतं. ही घ्या मेथी, ताजी हाय."

उज्वलानं मेथी घेतली.

"काय दाखवलं गं आज मॅडमनी?" लंकाबाईंनी लेकीला विचारलं. "पार रस्त्यापर्यंत हसणं ऐकू येत व्हतं तुमचं."

"नारळातून जाळ काढला," साक्षी म्हणाली.

"मग त्यात काय हसायचं?"

साक्षीनं आईचा हात धरून ओढला. म्हणाली, "चल ना आई. मॅडमना उशीर होतोय."

पोर आईला जपत होती, आणि आईबरोबर उज्वलालाही. तेवढा आडोसा घेऊन गाडीत बसणं अगदी सोपं होतं. उज्वलानं दाराला हातही घातला. पण लंकाबाई, "थांब गं, पाया तर पडू दे," म्हणत वाकल्या, आणि ते मात्र तिला सोसलं नाही. मेथी टाकून तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"नका पडू. मी तुमची नक्कल केली, लंकाबाई. अंगात येतं त्याची. तुमचं नाव घेऊन. पोरं त्यालाच हसत होती."

आता ही बाई शिव्या देईल, असं उज्वलाला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लंकाबाईंनी हात सोडवून घेतले आणि लेकीकडं बघितलं. साक्षीनं मान वर केली नाही.

"हिच्यापुढं?" त्यांनी विचारलं.

उज्वलाला हो म्हणावं लागलं.