उद्योगनगरीचा पट

यशोदाबाईंनी पट टेबलावर उलगडला, तरी आरिफने आधी त्याकडे पाहिलं नाही. तो डबीतल्या सोंगट्या मोजत होता. आधी मोजायचं, मग बोलायचं, ही शिस्त त्याला याच खोलीत लागली होती.

चिंचवड गावठाणातली ही दहा बाय बाराची खोली. कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं शाळा सुटली की बाईंकडे शिकायला येत. एकतीस वर्षं येत होती. फी ज्याला जमेल तशी. आता खोलीच्या मालकाला नवा करार हवा होता, साठ हजार अनामत, तीही एक तारखेच्या आत. नाहीतर खोली मोमोवाल्याला जाणार होती. बाईंकडे साठ हजार नव्हते, 'उद्योगनगरी' होती.

चाळीसेक वर्षांपूर्वी चिंचवडच्याच एका छापखान्याने हा खेळ काढला होता. जेमतेम तीनशे प्रती निघाल्या आणि छापखाना बंद पडला. जाड कागदाच्या पटावर निगडी, आकुर्डी, भोसरी अशी घरं, आणि सोबत पत्ते: 'रात्रपाळी लागली, एक डाव थांबा', 'ओव्हरटाइम मिळाला, सहा घरं पुढे'. आरिफ बेरीज शिकला ती याच पटावर. आता पिंपरीत तो जुने खेळ आणि खेळणी विकायचा. बाईंनी पाठवलेले फोटो पाहून दोन आठवड्यांपूर्वी त्याने फोन केला होता. "बाई, बेंगळुरूचा एक शौकीन आहे, ऐंशी हजारांपर्यंत जाईल. मी येऊन बघतो. तोवर जपून ठेवा."

"सोंगट्या सोळा. पूर्ण आहेत," आरिफ म्हणाला. "पत्ते एकोणपन्नास."

"पन्नासावा तू फाडलास."

"मी नाही बाई, माझ्या शेजारी बसायचा त्या समाधानने."

"समाधान तुझं नाव सांगतो."

आरिफ हसला आणि हसतहसत त्याने पटावर हात ठेवला. हात सर्रकन घसरला. त्याने पटाचा कोपरा उचलून उजेडात धरला.

"बाई, हे काय?"

"लॅमिनेशन." बाईंच्या आवाजात थोडा अभिमान होता. "ताथवड्याला जाऊन आले. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या मोठ्या शीट करतात ना, तसलं मशीन तिथेच आहे. दोन बस बदलल्या. तू म्हणालास ना, जपून ठेवा."

आरिफने कोपरा हळूच खाली ठेवला. या वस्तीत जपायची वस्तू म्हटली की लोक तिचं लॅमिनेशन करून आणत. रेशनकार्ड, दहावीची मार्कलिस्ट, गेलेल्या माणसाचा फोटो. त्याच्या स्वतःच्या घरी अब्बांचं लायसन्स तसंच भिंतीवर होतं. शौकिनांना वस्तू आहे तशीच लागते, हे आणखी एक वाक्य फोनवर बोलायला हवं होतं, ते त्याला आत्ता सुचत होतं.

बाईंनी त्याचा चेहरा पाहिला. मुलाला उत्तर येतंय पण सांगायचं नाही, हे त्यांना लगेच कळायचं.

"काढता येतं का ते?"

"तापवून चिकटवतात, बाई. प्लास्टिक काढलं तर छपाईही सोबत येईल."

"आता किती?"

"राहू द्या ना, बाई."

"आरिफ."

"चार हजार. तेही सोंगट्या आणि पत्त्यांचे."

बाई खुर्चीवर बसल्या. चुकलेलं गणित खोडू नका, कोणत्या पायरीवर चुकलं ते शोधा, असं त्या मुलांना सांगत. त्यांनी पायरी शोधली.

"एवढी वर्षं पोरांनी खरकट्या हातांनी हाताळला. चहा सांडला यावर. त्याने काही बिघडलं नव्हतं?"

"डागांचे दोन-तीन हजार कमी झाले असते," आरिफ खाली बघत म्हणाला. "बस."

मग तो म्हणाला, "बाई, मी वीस हजार देतो. मलाच हवाय हा."

"बायकोपासून लपवून देणार. आणि अनामत आहे साठ." बाईंनी पट स्वतःकडे ओढला. "नाही सुटत रे."

संध्याकाळी मुलं आली. नऊ वर्षांची जिकरा चकचकीत पटाकडे बघत राहिली.

"बाई, नवीन आणला?"

"नाही गं, जुनाच. खेळा."

जिकराने फासा टाकला. तो पटावर थांबेना. घसरत गेला आणि टेबलावरून खाली पडला. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"हळू टाक," बाई म्हणाल्या. एक तारखेला नऊ दिवस होते. त्यांनी पटाच्या कडेला आपला हात आडवा धरला.