पोलादी बर्फाचा दिवस

सकाळी माझ्या धाकट्या भावाने, तोरग्रिमने, आपल्या दुकानाच्या दारावर कागद चिकटवला, "बर्फावर आहे." त्यावर कोणी काही विचारलं नाही. शाळेनेही पोरं सोडून दिली होती. पोलादी बर्फ काही दर वर्षी येत नाही. कडक थंडी पडावी, वारा निजलेला असावा आणि तळं गोठेस्तोवर आभाळाने हिमाचा एक कणही टाकू नये, एवढं सगळं जुळून आलं तरच आमचं लांगवान तळं काळं, गुळगुळीत, आरपार होतं. मग हिम पडतं आणि तो आरसा वसंतापर्यंत झाकून जातो.

हिम दुपारनंतर येणार, असं रेडिओ सांगत होता. त्याआधी मला बेटावर पोचायचं होतं. माझ्या हातांनी.

ते बेट मी तीन उन्हाळे खिडकीतून बघत आले आहे. जंगलात झाड अंगावर पडलं तेव्हापासून कमरेखालचं माझं काही हलत नाही. खुर्चीची चाकं काठावरच्या गोट्यांत रुततात, होडीत चढायचं तर कोणीतरी उचलायला हवं. तोरग्रिम दर उन्हाळ्यात म्हणायचा, "पाठीवर घेतो की."

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"पोतं निदान गप्प बसतं, सिग्ने."

काठावर म्हातारा हाल्वर लोखंडी टोकाची काठी घेऊन उभा होता. पहाटेपासून त्याने बर्फ ठोकून बघितला होता आणि जिथे वजन धरतो तिथे भोकं पाडून थेट बेटापर्यंत वाटेच्या खुणा म्हणून स्प्रूस झाडाच्या डहाळ्या रोवल्या होत्या. मला बघून त्याने आमच्या गावात प्रत्येक पोर शिकतं ते गाणं पुटपुटलं,

बोटभर बर्फ, मांजरीनं जावं,
दोन बोटं बर्फ, पोरानं थांबावं,
पाच बोटं बर्फ, पोरीनं नाचावं,
वीतभर बर्फ, घोड्यानं धावावं.

"आज किती?" मी विचारलं.

"नाच," तो म्हणाला. "घोडा घरी ठेव." आणि तोरग्रिमकडे बघून हसला.

माझी घसरगाडी म्हणजे दोन पात्यांवर बसवलेली बुटकी खुर्ची. दोन्ही हातांत खिळ्याच्या टोकाच्या आखूड काठ्या. त्या बर्फात रोवायच्या आणि स्वतःला पुढे लोटायचं. तोरग्रिमने पायांत स्केट बांधले, सवयीने माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याचे हात हवेतच चाचपडू लागले.

"ढकलायचा दांडा कुठाय?"

"काढून ठेवलाय. घरी."

त्याने खिशातून दोर काढला, गाडीला बांधला, दुसरं टोक आपल्या कमरेला. "एवढं तरी राहू दे," म्हणाला. मी राहू दिलं. बर्फावर दोर बांधायचाच असतो, असं आम्ही दोघंही लहानपणी शिकलो होतो.

पहिले काही हात नुसतेच घसरले. मग काठ्यांना बर्फ सापडला आणि खांद्यांना काठ्या. काठ मागे सरला. मी खाली बघितलं आणि हात थांबलेच.

माझ्याखाली काहीच नव्हतं. काचेइतकंही नाही. तळाचे गोटे एकेक मोजावे इतके स्पष्ट, गवत उभं, त्यातून एक पट्टेरी मासा शेपूट हलवत निवांत चाललेला. उभ्याने चालणाऱ्याला आभाळाची चमक आड येते. मी वीतभर उंचीवर बसलेली, मला सगळं दिसत होतं. मग तळ उतरत गेला, हिरवा झाला, निळा झाला, आणि पुढे नुसता अंधार. त्या अंधारावर मी बसले होते, आणि तो मला धरून होता.

तेवढ्यात तळं गायलं. लांबून, दुसऱ्या टोकाकडून एक सूर निघाला, आमच्या खालून गेला आणि डोंगराला जाऊन लागला. तो माझ्या हाडांतून गेला. पायांतूनसुद्धा गेला असेल, कोण जाणे.

"बर्फ वाढतोय," तोरग्रिम हळूच म्हणाला. गाणारा बर्फ वाढता असतो, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही.

बेट जवळ आलं आणि माझ्या बाहीवर पहिला कण पडला. मग दुसरा.

"परत फिरू या," तो म्हणाला. "हिमाखाली डहाळ्या दिसणार नाहीत."

"दिसेनाशा व्हायच्या आधी पोचते." मी काठ्या रोवल्या. गाडीला हिसका बसला. तो जागच्या जागी उभा होता आणि दोर ताणलेला. मी पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच.

"तोरग्रिम, दोर सोड."

"काही झालं तर?"

"तर ओरडेन. ओरडायला पाय लागत नाहीत."

तो बराच वेळ कमरेच्या गाठीशी झटत राहिला. बोटं थंडीने आखडली होती, की मन, ते मी विचारलं नाही. दोर माझ्यामागे सळसळत आला आणि गाडी एकदम हलकी झाली.

मग मी गेले. हिम तिरपं येत होतं, पाती गुणगुणत होती. बेटाच्या अलीकडे खालून एक प्रचंड काळी पाठ वर आली आणि मी ओळखलं, ही गाय. आम्ही त्या बुडालेल्या शिळेला गाय म्हणायचो. लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात बुड्या मारल्या, कान दुखेस्तोवर, पण तिला हात लावणं कुणालाच जमलं नव्हतं. नुसती एक काळी सावली दिसायची. आज ती अख्खी होती, शिंगांसारखे दोन सुळके, पोटाखाली माशांचा घोळका. मी तिच्यावरून हात फिरवावा तशी गेले.

बेटाचा खडक समोर आला. मी काठी टाकली, हातमोजा दातांनी काढला आणि खडकावर थाप मारली. गार. खरबरीत. तोच.

तोरग्रिम पोचला तेव्हा मी चार हात मागे येऊन, गाडीतून उतरून बर्फावर पालथी पडले होते, हाताने हिम बाजूला करत. तो उचलायला वाकला, थांबला, आणि माझ्याशेजारी पालथा झाला. मी पुसलेल्या खिडकीला त्याने नाक लावलं.

"अरे," तो म्हणाला. "गाय."

आम्ही पुसत राहिलो, हिम भरत राहिलं. मग भरूच दिलं.

आमच्या खोऱ्यात कौतुक फार करत नाहीत. पहिली नात मांडीवर दिली तेव्हा आमचे बाबा जे म्हणाले होते, तेच तोरग्रिम बर्फाकडे बघत म्हणाला, "वाईट नाही."

परतताना त्याने दोर गुंडाळून खिशात ठेवला आणि माझ्या बाजूने, हातभर अंतर ठेवून निघाला.