पांढरी किनार

माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, नवरा सर्वज्ञ आहे. गळका नळ, गुडघेदुखी, कायदा, कॅमेरा, कशातही तो नाक खुपसतो. मावशीने शिवणकामाचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा बोर्डाचं कामही त्याने परस्पर स्वतःकडे घेतलं. मी पोटासाठी हेच काम करते, ही गोष्ट त्याच्या खिजगणतीतही नव्हती. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र एकेरीच.

चित्र साधं होतं. ताईने शिवलेल्या लाल झग्याचा फोटो, आणि त्याचा घेर खाली विरत विरत बोर्डाच्या गडद निळ्या रंगात मिसळणारा. म्हणजे चित्र हळूहळू पारदर्शक करत न्यायचं. सॉफ्टवेअरमध्ये ते कुणालाही जमतं. खरी परीक्षा फाइल बाहेर काढताना असते.

महाशयांनी काढली जेपीजी. जेपीजीला पारदर्शक हा प्रकारच ठाऊक नाही, रिकाम्या जागी ती सरळ पांढरं भरते. नमुना छापून आला तो पांढऱ्या चौकोनात उभा असलेला झगा! मग त्याने तेवढं पांढरं खोडून, पारदर्शक जागा तशीच राखणारी पीएनजी करून दिली. पण विरत्या भागात पांढरा रंग आधीच कालवला गेला होता. दुधात पडलेलं पाणी चमच्याने काढता येतं का? दुसऱ्या नमुन्यात झगा साबणाच्या फेसात उभा होता.

"माझ्या स्क्रीनवर झकास दिसतंय," तो म्हणाला.

"तुमच्या स्क्रीनवर मागे पांढरंच आहे, भाऊजी. पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार?"

बोर्ड छापणारा फिसकन हसला. मीही हसले, अगदी मनापासून. ताई हसली नाही. मान खाली घालून ती नमुन्याची घडी घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला दुकानात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"काल घरी गेल्यावर जावईबापूंनी भरलं ताट भिंतीवर फेकलं. तू हसलीस म्हणून."

"मी हसले, तर ताईवर कशाला?"

"तू कुठे सापडतेस त्याला? भिंत तिनेच पुसली." मावशी मागच्या खोलीकडे बघत म्हणाली, "तिथे खाट टाकलीय. त्याला वाटतंय, कापडाचे गठ्ठे ठेवायला खोली आहे. दुकान चालू लागलं, दोन घास सुखाचे मिळतील एवढं जमलं, की मी तिला घेऊन येणार. तोवर तू तोंडाला कुलूप लाव. आणि बोर्ड मला चांगला हवा. असला फेसबिस नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा क्षुद्र माणूस, आणि त्याचीच मर्जी सांभाळायची!

पण सांभाळली. ताईने त्याच्या कॉम्प्युटरवरून मूळ फाइल गुपचूप आणून दिली. सगळे थर त्यात सुटे होते, आणि तळाला तो पांढरा थर ठाण मांडून बसलेला. तो बंद केला, पारदर्शकता राखून पूर्ण रंगांची पीएनजी काढली आणि काळ्या, निळ्या, लाल अशा रंगांवर ठेवून पाहिली. पांढऱ्याचा मागमूस नव्हता. बोर्ड छापणाऱ्याला फाइल देताना मी म्हटलं, "भाऊजींनी स्वतः बसून नीट केलीय." हे वाक्य उच्चारताना जीभ जड झाली होती.

दुकान उघडलं त्या सकाळी बोर्ड छापणाऱ्याने महाशयांचं तोंडभरून कौतुक केलं. तो क्षणभर गोंधळला, मग त्याने वर बोर्डाकडे बघितलं आणि श्रेय बिनदिक्कत खिशात घातलं. निगरगट्टपणा म्हणतात तो हा. मग भर रस्त्यात मला शिकवायला लागला.

"काठ दिसता कामा नये. कुठे संपलं ते कळता कामा नये. त्यासाठी नजर असावी लागते."

"हो, भाऊजी."

आत ताई एका बाईचं माप घेत होती. दुसरी बाई बोर्डावरच्या झग्याकडे बोट दाखवून मावशीला म्हणत होती, मला अस्साच हवा. मागच्या खोलीचं दार बंद होतं.

"खरं सांग," तो छाती फुगवून म्हणाला, "मी नसतो तर हे दुकान झालं असतं का?"

"छे हो, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही नसता तर मावशीने दुकान काढलंच नसतं."

तो खूश झाला.