डावीकडचं वजन

थोरल्या सुनेने भिंतीवर लग्नाचं चित्र काढलं आणि त्याच दुपारी आमचं घर डावीकडे कललं.

चित्रात डावीकडे मी, खुर्चीत, लालभडक लुगड्यात, पार छतापर्यंत. उजवीकडे नवरदेव, माझा धाकटा रणधीर, वीतभर. सून शैला शाळेत चित्रकला शिकवते. ती आधीच म्हणाली होती, "आत्या, एवढं मोठं नको."

मी म्हणाले, "तसबिरीत देवी मोठी आणि भक्त लहान असतात. तुझ्या शाळेत देव काढत नाहीत का?"

तिने मी सांगितलं तसं काढलं.

मग तांदळाची परात घसरत माझ्या पायाशी आली. पाठोपाठ पाट, पाण्याचा हंडा, मांजर.

"येऊ देत," मी म्हणाले. "कुणाकडे जायचं ते त्यांना कळतं."

पण रणधीरला हळद लावायला बसवलं, तेव्हा माझं बोट त्याच्या गालातून पलीकडे गेलं. त्याची नुसती कडेची रेघ उरली होती. तिच्यातून मागचं फडताळ दिसत होतं.

"दुखतंय का रे?"

"नाही आई. वारा लागतोय."

"रंग भर की त्याच्यात," मी शैलावर खेकसले.

"भरला, आत्या. भरला की तुमच्याकडे वाहून जातो."

माझं लुगडं खरंच ओलं होतं.

"मग मला पूस."

"पुसलं तर घर उजवीकडे पडेल. तुम्ही मागे जा. लांब गेलात की लहान व्हाल, तोल येईल."

"मी? माझ्याच घरात मागे?"

"मधोमध राहाल. चित्रातल्या सगळ्या रेघा लांब एका ठिपक्यात मिळतात, तशा तुमच्याकडेच येतील."

"गोड बोलायचा पगार वेगळा मिळतो वाटतं तुला."

तेवढ्यात रणधीरची रेघ हनुवटीपाशी तुटली. मी उठले.

स्वयंपाकघर ओलांडलं तरी घर संपेना. फरशीच्या रेघा दोन्ही बाजूंनी जवळ येत होत्या. भिंती खांद्याला लागायच्या आत माझे खांदे तेवढे आखडत, म्हणून वाट अडली नाही. मागे घर करकरत सरळ होत होतं.

"लागली! हळद लागली!" बायका ओरडल्या.

मी वळून बघितलं. रणधीर भरला होता, अंगाने, रंगाने, पिवळाधमक. त्याने माझ्या दिशेने बघितलं, पण मी त्याला दिसले नसावे.

"मी आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत!" मी बजावलं. शब्द जाता जाता बारीक झाले.

रेघा मिळत होत्या तिथे मोहरीएवढा ठिपका होता. मी त्यात पाय घातला. आत माझी सासू बसली होती, वारली तेव्हाच्याच हिरव्या लुगड्यात, आणि तिच्यामागे तिची सासू. कुणी वर बघितलं नाही. सासूने पदर आवरला आणि थोडं सरकून मला जागा केली.