चोराचं नाव, माझी छाप

मी घाबरट माणूस आहो, पहिलेच सांगून ठेवतो. आणि घाबरट माणसानं कशावर आपलं नाव लिहू नये बाप्पा, हे मले अठ्ठ्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीले कळलं.

साकोलीच्या आमच्या शाळेत तेव्हा दोन कॉम्प्युटर आले होते. गणिताचा मास्तर म्हणून ते माझ्याच गळ्यात पडले. बाकीचे मास्तर त्याले हात लावाले भेत. मी मात्र हौसेनं एक खेळ बनवला. खळ्यावर धानाचे पोते, त्यावर चोर येते, आपण राखणदार. पोतं गेलं का आपण हरलो. तेव्हा कॉम्प्युटरचा खेळ गाण्याच्या साध्या कॅसेटीतच भरत; ज्यानं मागितला त्याले भरून फुकट देल्ला. फक्त सुरुवातीले पडद्यावर लिहून ठेवलं: हिरालाल मास्तरांचा खेळ. सर्व हक्क राखीव. वाटा, पण बदलू नका.

एवढं लिहिलं म्हणून मी निश्चिंत. काय म्हणावं या अकलेले!

त्या दिवशी झेंडावंदन झालं आणि संस्थेचे अध्यक्ष भय्याजी कॉम्प्युटर पाहाले आले. गावातली राईस मिल त्यायचीच. तिथं वजनात धान कमी भरते असं सारं गाव बोले, पण त्यायच्या पाठीमागं. माझी नोकरी अजून कच्ची होती, पक्की करणं त्यायच्याच हातात. मी मोठ्या तोऱ्यात बस स्टँडवरून नवी भरून आणलेली कॅसेट लावली. पहिले माझं नाव आलं. भय्याजी हासले. मंग खळं आलं, चोर आला, आणि खाली ओळ आली: धान चोरून राहिला भय्याजी.

मागं कोणी तरी फिस्सकन हासलं आणि लगेच गप झालं.

"मास्तर, हे काय होय?"

"भय्याजी, मी नाही लिहिलं हे. आईशपथ."

"नाव तं तुमचंच आहे."

"तिथंच लिहिलं ना जी, बदलू नका म्हणून. कोणी तरी बदललं."

"मंग सांगा कोण. आत्ता ठाण्यात पाठवतो त्याले. नाही तं खेळ तुमचा, चोरबी तुमचाच. संध्याकाळपर्यंत सांगा."

कोण ते मले माहीत होतं. बस स्टँडपाशी कॅसेट भरून देणारा डोमा. रविवारी माझ्यापाशी कॉम्प्युटर शिकाले येई, आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार, म्हणजे आमच्याकडचं गाण्याचं लोकनाट्य, गाई. सायकल मारत त्याच्या दुकानात गेलो.

"अबे डोमा, काय करून ठेवलंस! काहून बदललंस?"

तो खुशीत हासला. "सर, दंडारीत तसंच अस्ते ना! गानं शायराचं, गावातल्या मोठ्या मानसाले चिमटा आपला. शायराची छाप तेवढी राखाची. शेवटच्या ओळीतलं त्याचं नाव पुसलं तं पाप. तुमच्या नावाचं मी अक्षरबी हालू नाई देल्लं!"

याले मारावं का रडावं? त्याचं दुकान भय्याजीच्याच जागेत. नाव सांगतलं तं त्याची पोरंबाळं रस्त्यावर, नाही सांगतलं तं माझी.

"सर, तुमी भेले का?"

"भेलो बे! लय भेलो."

संध्याकाळी शाळेत कॉम्प्युटरपाशी भय्याजीपुढं उभा राहिलो. "कोणं केलं, मले नाही माहीत," कसं तरी बोललो. मले वाटलं, गेली नोकरी.

"खेळ चांगला आहे," ते म्हणाले. "मशीन संस्थेची, वीज संस्थेची. मंग खेळ कोणाचा?"

"संस्थेचा जी."

"बसा. चोराचं नाव काढा. वरचं तुमचं नाव काढा. तिथं माझं टाका. ते हक्क राखीव राहू द्या, बरं दिसते."

मी बसलो आणि टाकलं. जूनमध्ये नोकरी पक्की झाली.

पुढं संस्थेनं ती कॅसेट वाटाले काढली आणि भराले डोमाकडेच देल्ली. तो धावतच शाळेत आला, चेहरा लालबुंद.

"सर, छाप चोरली तुमची! एवढं पाप तं आमच्यात कोनी नाई करत. मी साऱ्या साकोलीले सांगतो!"

बाजूच्या खोलीत भय्याजी बसले होते. त्यायची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हळू बोल बे," मी म्हटलं. "कोणता खेळ? मी कधी खेळ बनवलाच नाही."